खांबाची साक्ष

ती घटना विसरता आली तर बघावी म्हणून निवृत्तीनंतर मी बरेच उद्योग करून पाहिले. श्रीवर्धनला वडिलांच्या सुपारीच्या बागेत राहायला गेलो, शिंपणं शिकलो, सुपाऱ्या सोलायला बसलो. काही उपयोग झाला नाही. लोक भेटले की विचारतात, साहेब, तुमची एखादी गाजलेली केस सांगा. गाजलेली म्हणाल तर हीच. टाळ्या मिळाल्या त्या हिलाच, आणि आज जिची लाज वाटते तीही हीच. म्हणून हीच सांगतो. नावं कुणाचीही सांगणार नाही.

नोकरीची शेवटची दोन वर्षं मी उरण तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. ठाण्याच्या एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला बंदराकडे जाणारा रस्ता. त्या रस्त्यावर दिवसभर कंटेनरचे ट्रेलर. मिठागरावर कामाला जाणाऱ्या बायकांना हाच रस्ता ओलांडावा लागायचा, आणि वर्षाला दोन-तीन अपघात ठरलेले. म्हणून तिथे एक प्रायोगिक प्रकल्प आला होता. रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर खांब, खांबावर कॅमेरा आणि एक पेटी. माणूस रस्ता ओलांडायला लागलं की पेटीला दिसायचं आणि ती जवळ येणाऱ्या ट्रेलरना बिनतारी इशारा पाठवायची. ट्रेलरच्या केबिनमध्ये एक डबा बसवलेला असे. डबा इशारा घ्यायचा, ड्रायव्हरसमोरच्या छोट्या पडद्याला द्यायचा, पडदा लाल व्हायचा आणि टुंग-टुंग-टुंग असा आवाज यायचा. खांब एका कंपनीचे, डबे दुसऱ्या कंपनीचे, पडदे तिसरीचे. या तिघांनी एकमेकांशी कसं बोलायचं, कुणी काय पाठवायचं, पोच कुणी द्यायची, याचं एक लिखित मानक होतं. दीडेकशे पानांचा दस्तऐवज. तो माझ्या टेबलावर पुढे आला, तेव्हा मी त्याचं काय केलं ते सांगेनच.

मीठ काढायच्या दिवसांतली गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला फोन आला, की खांबाजवळ ट्रेलरखाली बाई आली. मी पोचलो तेव्हा बाई गेलेली होती. पन्नाशीची, डोक्यावरचं घमेलं दूर जाऊन पडलेलं. तिच्याबरोबर तिची जाऊ होती, ती रस्त्याच्या मधोमध बसून होती आणि कुणालाच हात लावू देत नव्हती. ड्रायव्हर पळाला नव्हता. गावच्या लोकांनी त्याला यथेच्छ मारलं होतं, शर्ट फाटला होता, तरी तो ट्रेलरच्या चाकापाशी उभा होता. तोही तिथलाच, दोन गावं पलीकडचा. बापाने मिठागरात हयात काढली आणि मुलगा वीस वर्षं स्टिअरिंगवर. या भागात आता घराघरात हेच आहे.

गावाने रस्ता अडवला. ट्रेलरची रांग पार बंदराच्या फाटकापर्यंत गेली. वरून फोनवर फोन. मी गावकऱ्यांना शब्द दिला, "याला सोडत नाही." अधिकाऱ्याने तपासाच्या आधी शब्द देऊ नये, हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवत असे. पण लोक समोर उभे असले की शिकवलेलं आठवत नाही.

पंचनामा केला. ब्रेकच्या खुणा रस्त्यावर स्पष्ट होत्या, मोजून घेतल्या. जावेचा जबाब आमच्या हवालदार बाईंनी घेतला. त्या बाई म्हणजे ठाण्यातलं सगळ्यात शांत आणि सगळ्यात चिवट माणूस. जावेने सांगितलं होतं, "आमी दोगी निघालो. ती म्होरं, मी मागं. डायवरनं बगलान तसा कचकन बिरेक मारलान. पन गाडी काय थांबंना." म्हणजे ड्रायव्हरने बाईला पाहिलं, पाहताक्षणी ब्रेक मारला, भरलेला ट्रेलर थांबला नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा, जामीनपात्र. केस इथेच संपायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. आमच्या धंद्यात खबर म्हटली की लोकांना पानाच्या टपरीवरचा खबऱ्या आठवतो. इथे खबर दिली ती प्रकल्पाच्या अभियंत्याने. चाळिशीचा, बोलघेवडा, आपल्या खांबांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम करणारा. लॅपटॉप घेऊनच आला.

"साहेब, आमच्या खांबाने त्या ट्रेलरला इशारा दिला होता. धडकेच्या नऊ सेकंद आधी."

"कशावरून?"

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. इशारा पाठवला, अमुक वेळ. पोच मिळाली, तीच वेळ. डब्याचा क्रमांक त्याच ट्रेलरचा.

"म्हणजे इशारा त्याच्या गाडीत पोचला?"

"शंभर टक्के पोचला, साहेब. पोच आल्याशिवाय नोंदच होत नाही."

नऊ सेकंद. नऊ सेकंदांत भरलेला ट्रेलरही थांबतो. म्हणजे याला आधी कळलं होतं आणि हा थांबला नाही. माझ्या डोक्यात वीज चमकली म्हणतात तसं झालं. हा निष्काळजीपणा नाही. जाणूनबुजून जिवाशी खेळ आहे. मी कलम वाढवलं. सदोष मनुष्यवध, अजामीनपात्र. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ना, ते हेच. पण तेव्हा माझ्या अंगावर सोन्याचा रंग चढल्यासारखं वाटत होतं.

हवालदार बाई तेवढ्या म्हणाल्या, "साहेब, त्या ट्रेलरमध्येच बसून एकदा बघूया का, डबा वाजतो का ते?"

आता हे ऐका आणि मला काय म्हणायचं ते म्हणा. जप्त केलेली गाडी ठाण्याच्या आवारात आली की त्याच संध्याकाळी तिची बॅटरी काढायची, ही आमची जुनी पद्धत. आवारातून बॅटऱ्या चोरीला जातात आणि उत्तर मुद्देमाल कारकुनाला द्यावं लागतं. ट्रेलर आला, मी नेहमीप्रमाणे हुकूम सोडला, बॅटरी काढून मुद्देमालाच्या खोलीत ठेवली गेली. केबिनमधल्या डब्यात, पडद्यावर कधी काय दाखवलं त्याची नोंद राहत असे. पण वीज तुटली की ती फार तर चार-पाच दिवस टिकायची. हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. डबा वेगळा जप्तसुद्धा केला नाही, ट्रेलरचाच एक भाग म्हणून यादीत लिहून टाकला. आवाज झाला की नाही हे सांगू शकणारा तो एकमेव साक्षीदार होता, आणि त्याचा गळा मी माझ्या हाताने आवळला.

बाईंना मी काय उत्तर दिलं? "बॅटरी परत लावायची म्हणजे पुन्हा पंचनामा, पुन्हा पंच शोधा. अभियंता स्वतःची गाडी देतोय ना? त्यात बघू." त्याच्या गाडीत खांबाच्याच कंपनीचा डबा आणि पडदा होता. दोन पंच मागे बसवले, एका महिला शिपायाला रस्ता ओलांडायला लावलं. पडदा लाल, टुंग-टुंग-टुंग. पंच खूश, मी खूश. झकास पंचनामा झाला.

मग चौकशी. इथे माझी खरी लाज सुरू होते.

मी हात न उचलणारा अधिकारी म्हणून ओळखला जायचो आणि मला त्याचा अभिमान होता. आरोपीला खुर्ची द्यायचो, चहा पाजायचो, मग बोलायचो. आज वाटतं, त्याला दोन कानाखाली दिल्या असत्या तर परवडलं असतं. वळ आठ दिवसांत गेले असते.

अभियंत्याकडून तो आवाज मी माझ्या मोबाईलमध्ये घेतला होता. ड्रायव्हरला समोर बसवून वाजवला.

"ओळखतोस?"

"व्हय साहेब. डब्बा बसवला तवा शिकवनीला वाजवून दाखवला व्हता."

"त्या दिवशी वाजला?"

"न्हाय साहेब. मना काय आयकू आला न्हाय."

"खांब सांगतो वाजला. मशीन कशाला खोटं बोलेल? तुझ्याशी वैर आहे का तिचं?"

"ते मना काय म्हाईत, साहेब. बाई दिसली तवा मी बिरेक मारला."

सकाळभर हेच. तो "न्हाय" म्हणायचा, मी पुन्हा वाजवायचो. पाचदा, दहादा, वीसदा. दुपारी जेवण दिलं, पुन्हा सुरू. मग मी विचारलं, "त्या वेळी मनात काय चाललं होतं?" तो बिचारा खरं बोलला. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिला पनवेलच्या दवाखान्यात न्यायचं होतं, त्याचाच विचार चालला होता.

मला हवं होतं ते मिळालं. माझ्या खोलीत भिंतीवर एक जुनं घड्याळ होतं. मी म्हणालो, "इथे तू सकाळपासून बसलायस. या घड्याळाची टिकटिक ऐकलीस?"

त्याने मान वर केली. "न्हाय."

"आता?"

तो ऐकत राहिला. ऐकू यायला लागली होती. "व्हय."

"घड्याळ सकाळपासून वाजतंय. तुझ्या कानावर पडतंय. लक्ष नव्हतं म्हणून तुला वाटलं, वाजलंच नाही. त्या दिवशी डब्याचंही हेच झालं."

ही युक्ती माझी स्वतःची. कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेली नाही. त्याचा चेहरा कसा उतरला ते मी पाहिलं, आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण मला त्या क्षणी आनंद झाला. पाण्यात गळ टाकून बसलेल्या माणसाला दोरी ओढली गेल्यावर होतो तसा आनंद.

त्याने पुन्हा एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी म्हनताव तर वाजला असंल, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा विचारलं. या वेळी मोबाईल काढावाच लागला नाही. "वाजला, साहेब," तो म्हणाला. "मीच लक्ष न्हाय दिला. आईच्या इचारात व्हतो. वाजला व्हता." आणि तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पाणी दिलं. शिपायाला म्हणालो, बघ, प्रेमाने विचारलं की माणूस कसा मोकळा होतो.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून मी त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करण्याचा अर्ज दिला. दंडाधिकारी साहेबांनी त्याला नियमाप्रमाणे समज दिली, तुझ्यावर सक्ती नाही, विचार कर म्हणून एक दिवस दिला, आमच्यापैकी कुणालाही खोलीत थांबू दिलं नाही. तरी त्याने तेच सांगितलं. का नाही सांगणार? तोवर त्याला ते खरं वाटत होतं.

दोषारोपपत्र वेळेत गेलं. मानकाचा तो दीडशे पानांचा दस्तऐवज अभियंत्याने दिला होता, तो मी परिशिष्ट म्हणून जोडला. एक पान उलटून पाहिलं नाही. जाडजूड कागद जोडले की केसला वजन येतं, एवढंच मला ठाऊक. आरोपीच्या वकिलानेही वाचलं नाही, सरकारी वकिलानेही नाही. ड्रायव्हर अलिबागच्या जेलमध्ये गेला. माझं मात्र नाव झालं. रस्त्यावरच्या यंत्राच्या साक्षीवर उभी राहिलेली आमच्या भागातली ही पहिलीच केस. वरिष्ठांनी पाठ थोपटली, दोन ठिकाणी व्याख्यान द्यायला बोलावलं. मीही गेलो. घड्याळाची गोष्टसुद्धा सांगितली. टाळ्या पडल्या.

पाच महिने गेले. ट्रेलर मालकाला परत द्यावा असा कोर्टाचा हुकूम आला. बॅटरी लावली, मालकाने नवा ड्रायव्हर पाठवला. ताबा पावतीवर मालकाच्या सह्या घ्यायला हवालदार बाई त्याच ट्रेलरमध्ये बसून निघाल्या. खांबाजवळ आल्या, तेव्हा समोरून काही बायका रस्ता ओलांडत होत्या. ड्रायव्हरने गाडी हळू केली, थांबवली. बाई पडद्याकडे बघत होत्या. पडद्याचा दिवा चालू होता, पण पडदा लाल झाला नाही. आवाज नाही. काही नाही.

आम्हा इतर कुणाच्या ते डोक्यातही आलं नसतं. बाईंनी वेळ वहीत टिपली, तिथून थेट अभियंत्याच्या कार्यालयात गेल्या आणि त्या वेळेची खांबाची नोंद मागितली. नोंदीत होतं: इशारा पाठवला. पोच मिळाली. डब्याचा क्रमांक तोच.

संध्याकाळी त्यांनी माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले. एक खांबाच्या नोंदीचा, एक त्यांच्या स्वतःच्या सहीचा, की मी केबिनमध्ये होते आणि डबा वाजला नाही. म्हणाल्या, "साहेब, तो खरं बोलत होता." आणि निघून गेल्या. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी अभियंत्याला बोलावलं आणि पहिल्यांदाच नीट विचारलं.

तो खुर्चीत चुळबुळ करत म्हणाला, "साहेब, पोच म्हणजे डब्याला संदेश आला एवढंच. पाकीट आलं की डबा लगेच सही करतो, मग उघडून वाचतो. अपघाताच्या आधी दोन महिने आम्ही खांबांवर संदेशाची नवी आवृत्ती घातली. बंदराच्या ट्रेलरमधल्या जुन्या डब्यांना ती घालायची राहिली होती. जुन्या डब्याला नवा संदेश वाचता येत नाही. तो सही करतो, वाचता आलं नाही तर टाकून देतो."

"आणि ड्रायव्हरला?"

"त्याला काहीच कळत नाही."

"हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत, पोचला का. मी म्हटलं, पोचला." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आणि साहेब, ते मानकात लिहिलेलं आहे. आकृतीसकट."

तो गेल्यावर मी दोषारोपपत्राची माझी प्रत काढली. आकृती होती. तीन चौकटी: खांब, डबा, पडदा. मधे बाण. पोचेचा बाण डब्यापासूनच मागे वळलेला, पडद्यापर्यंत तो जातच नव्हता. आणि खाली साध्या शब्दांत लिहिलेलं, की पोच हा चालकाला सूचना मिळाल्याचा पुरावा समजू नये. माझ्याच केसचा कागद. माझ्याच शिक्क्याचा. मला हे सांगायला अभियंता कशाला हवा होता? समन्स शेजाऱ्याच्या हातात देऊन "बजावणी झाली" असं लिहिणारी आमची जमात. कागद पोचला म्हणजे माणसाला कळलं असं नसतं, हे ज्याला पस्तीस वर्षं माहीत होतं, तो मी.

इथवरची माझी चूक म्हणता येईल. यापुढचं पाप आहे.

ते दोन कागद मी त्याच दिवशी कोर्टात द्यायला हवे होते. अकरा दिवस मी ते खणात ठेवले. कारण दहाव्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यक्रम होता, आणि त्यात याच केससाठी मला प्रशस्तिपत्र मिळायचं होतं. निवृत्तीला दोन महिने होते. बायकोने नवी साडी घेतली होती, मुलगी पुण्याहून येणार होती. मी स्वतःला समजावलं, पाच महिने बसलाय, अकरा दिवसांनी काय बिघडतं. हवालदार बाई रोज सकाळी हजेरीला यायच्या, सलाम करायच्या, खणाकडे बघायच्या नाहीत. मी प्रशस्तिपत्र घेतलं, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पुढील तपासाचा अर्ज आणि पूरक अहवाल कोर्टात दिला. नवव्या दिवशी त्याची आई वारली होती. मला ते नंतर कळलं.

आईच्या मातीलाही तो पोचला नाही. कागद मी वेळेत दिले असते, तर त्या आठवड्यात तो सुटलेला असता.

जामीन लगेच झाला. यथावकाश मोठं कलम गळलं आणि उरलेल्या गुन्ह्यातूनही जावेच्या पहिल्या जबाबावर तो सुटला. माझी खात्यात चौकशी झाली, ठपका बसला, तो योग्यच होता. प्रशस्तिपत्र मी स्वतः परत केलं, पण त्याने कुणाचं काय भलं झालं, देव जाणे.

निवृत्त झाल्यावर पहिलं काम म्हणून मी त्याच्या घरी गेलो. तो ओटीवर जाळं शिवत बसला होता. ट्रेलर सोडला होता. मी हवालदार बाईंच्या त्या दोन कागदांच्या प्रती नेल्या होत्या. मोठ्या तयारीने बोललो. "माझी चूक झाली. डबा वाजलाच नव्हता. तुम्ही निर्दोष आहात. हा बघा पुरावा." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'तुम्ही' म्हणत होतो.

त्याने कागद बघितले. घरातल्या कुणाला तरी मला पाणी द्यायला सांगितलं. मग शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमी चांगलं मानूस हाव. माज्यासाटी कागद घेऊन आलाव. पन वाजला व्हता."

"अहो, नव्हता वाजला!"

"व्हता, साहेब. मी आयकला. आजूनबी आयकतो. आई मना हाका मारीत आसल त्यातबी तोच वाजतो."

मी घड्याळाची गोष्ट उलगडून सांगितली. म्हटलं, ती माझी लबाडी होती, तुम्हाला फसवलं मी. तो नुसता मान हलवत राहिला, लहान पोराने हट्ट धरला की घरची मंडळी हलवतात तशी. मग त्याने आणखी एक सांगितलं. जेलमधून सुटल्यावर तो त्या गेलेल्या बाईच्या घरी गेला होता. त्यांच्या अंगणात बसून त्याने सांगितलं होतं, की मला डब्याने आधी सांगितलं होतं, मी थांबलो नाही, मला मारा.

मी तिथून उठलो तो थेट त्या बाईच्या घरी गेलो. जाऊ दारातच भेटली. मला ओळखलं तिने. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, अकरा दिवससुद्धा. अंगणात आणखी चार माणसं जमली होती, त्यांच्यासमोर सांगितलं. वाटलं, आता शिव्या बसतील. बसायलाच हव्या होत्या.

ती म्हणाली, "मी तवाच बोल्ली व्हती ना, बिरेक मारलान म्हनून?"

"हो. बोलला होतात तुम्ही."

"मंग तुमी त्याला जाऊन सांगा."

"सांगितलं. त्याला पटत नाही."

तिने विचारलं, "वाजला म्हनून सांगाया किती दिस गेलं तुमचं?"

"दोन दिवस."

"दोन दिस येकच गोष्ट बोलून बोलून त्याच्या डोस्क्यात घातलाव. आनि आता येकदा सांगून पटत न्हाय म्हनताव? परत जावा. पटंपरयंत जावा."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी दिलेला हा सगळ्यात योग्य हुकूम. या केसने काय शिकवलं, असं विचारतात. यंत्राला प्रश्न विचारताना पूर्ण विचारावा, जोडलेला कागद वाचावा, जप्त केलेल्या गाडीची बॅटरी काढण्याआधी तिच्यात काय आहे ते बघावं, हे सगळं शिकवलं, आणि नव्या अधिकाऱ्यांनी ते जरूर शिकावं. पण माणसाच्या डोक्यात एकदा घातलेलं खोटं काढायला किती दिवस लागतात, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.

श्रीवर्धनहून उरण म्हणजे एसटीने दोन गाड्या बदलून अर्धा दिवस. दर पंधरा दिवसांनी जातो. तो मला ओटीवर बसवतो, चहा देतो. मी म्हणतो, डबा वाजला नव्हता. तो म्हणतो, व्हय साहेब, आणि जाळं शिवत राहतो. गेल्या शनिवारीही गेलो होतो. अजून पटलेलं नाही.